मुख्यालय-शहराची निवड (अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा कॉन्फरन्स)

अमेरिकेत विद्यापीठांचे क्रीडासंघ ठरावीक गटांत खेळतात. अशा गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. कॉन्फरन्सचे स्वतःचे मैदान नसते, विद्यार्थी नसतात, संघही नसतो. असते ते एक कार्यालय. आयुक्त, वेळापत्रक आखणारे, पंच नेमणारे, नियम पाळले जातात की नाही ते पाहणारे आणि दूरचित्रवाणी कंपन्यांशी करार करणारे असे मोजके लोक तिथे बसतात. हे कार्यालय कोणत्या शहरात थाटायचे, हा वरवर पाहता भाड्याच्या जागेचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात त्यासाठी एका राज्याने अर्थसंकल्पात दीड कोटी डॉलर बाजूला काढले, आणि एका शहराच्या नाकावर टिच्चून दुसऱ्याने बाजी मारली असे एकाहून अधिक वेळा घडले.

भारतात याला नेमका जोड सापडत नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ दिल्लीहून आखतो, देशाचे विभाग पाडतो आणि स्पर्धेचे यजमानपद एखाद्या विद्यापीठाकडे सोपवतो. पश्चिम विभागाचा स्वतंत्र आयुक्त, त्याचे कायमचे कार्यालय, त्याचा स्वतःचा प्रक्षेपण करार असला प्रकार नाही. अमेरिकेत प्रत्येक मोठी कॉन्फरन्स ही वेगळी ना-नफा संस्था असते. प्रक्षेपण हक्कांपोटी येणारे कोट्यवधी डॉलर आधी तिच्या खात्यात जमा होतात आणि तिथून सदस्य विद्यापीठांना वाटले जातात. तिजोरी कुठे ठेवायची, असा हा खरा प्रश्न आहे.

आयुक्त असेल तिथे कार्यालय

सुरुवातीला निवड अशी नव्हतीच. पुढे ‘बिग टेन’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या कॉन्फरन्सची पहिली बैठक जानेवारी १८९५मध्ये शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात भरली. पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी ती बोलावली होती. मध्य-पश्चिमेतल्या सगळ्या रेल्वे शिकागोला येत, म्हणून बैठक शिकागोला. पगारी आयुक्त नेमायला मात्र १९२२ साल उजाडले. तोवर कारभार प्राध्यापकांच्या समित्यांवर चालला.

साउथईस्टर्न कॉन्फरन्सची (एसईसी) गोष्ट अधिक बोलकी आहे. डिसेंबर १९३२मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिल येथे १३ विद्यापीठे जुन्या सदर्न कॉन्फरन्समधून फुटून निघाली. १९४०मध्ये मिसिसिपीचे माजी गव्हर्नर माइक कॉनर पहिले आयुक्त झाले, तेव्हा कार्यालय त्यांच्या जॅक्सन शहरात उघडले. १९४८मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक बर्नी मूर आयुक्त झाले आणि कार्यालय अलाबामातील बर्मिंगहॅमला गेले. ते आजही तिथेच आहे. त्या काळी बर्मिंगहॅम हे पोलादाचे आणि रेल्वेचे शहर होते. त्याच १९४८ साली, अलाबामा आणि ऑबर्न या राज्यातल्याच दोन विद्यापीठांमधला, ४१ वर्षे बंद पडलेला अमेरिकन फुटबॉलचा सामना तिथल्या लीजन फील्डवर पुन्हा सुरू झाला. पोलादाचे कारखाने पुढे थंडावले, एसईसीचा फुटबॉलचा अंतिम सामना १९९४मध्ये अटलांटाला गेला, कॉन्फरन्सची दूरचित्रवाणी वाहिनी शार्लटहून चालू लागली. कार्यालय मात्र जागचे हलले नाही. टेनेसीच्या किंवा लुइझियानाच्या चाहत्यांच्या तोंडी एक जुनी तक्रार आहे: पंचांचा कौल अलाबामाकडे झुकतो, कारण कचेरीच त्यांच्या अंगणात आहे. तक्रारीत तथ्य किती हा भाग वेगळा, पण २०१६पासून रीप्लेचे निर्णय बर्मिंगहॅमच्या मुख्यालयातून दिले जाऊ लागले आणि या कुरकुरीला आयतेच खाद्य मिळाले.

एक गंमत इथेच सांगायला हवी. मुख्यालय कुठेही असो, मोठे निर्णय बऱ्याचदा तिथे होत नाहीत. एसईसीची वसंत ऋतूतली वार्षिक बैठक कित्येक दशके फ्लोरिडातील डेस्टिनच्या समुद्रकिनाऱ्यावर भरत आली आहे. शहरे ज्या मुख्यालयासाठी पायघड्या घालतात, त्याचे मालक चर्चेसाठी वाळूत पाय खुपसायला दुसरीकडे जातात.

विमानतळाच्या सावलीत

कॉन्फरन्स जसजशा पसरल्या तसतसा रेल्वेचा आणि आयुक्ताच्या गावाचा हिशोब मागे पडला. बिग टेनचे कार्यालय शिकागोतून पार्क रिज या उपनगरात आणि २०१३मध्ये रोझमाँटला गेले. रोझमाँटची वस्ती जेमतेम चार हजार, पण ते ओहेअर विमानतळाला खेटून आहे आणि तिथे हॉटेलांची व सभागृहांची रांगच लागली आहे. सदस्य विद्यापीठाचा क्रीडासंचालक सकाळी विमानाने यावा, बैठक आटोपून रात्री घरी पोचावा, एवढाच त्यामागचा विचार.

टेक्सासमधील अर्व्हिंग हे याच विचाराचे टोक. डॅलस-फोर्टवर्थ विमानतळाशेजारच्या या गावात बिग ट्वेल्व्ह आणि अमेरिकन ॲथलेटिक (२०२५पासून नुसतेच ‘अमेरिकन’) या दोन कॉन्फरन्स आहेत. महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या कॉलेज फुटबॉल प्लेऑफचे कार्यालयही तिथलेच. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, आणि देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना विमानाने तीन-चार तासांत पोचता येते.

बिग ट्वेल्व्हच्या निवडीने मात्र जखम केली. १९९४मध्ये बिग एट कॉन्फरन्सच्या आठ विद्यापीठांनी मोडकळीला आलेल्या साउथवेस्ट कॉन्फरन्समधली टेक्सासची चार विद्यापीठे सोबत घेतली. बिग एटचे कार्यालय कॅन्सस सिटीत होते, साउथवेस्टचे डॅलसला. आठ जणांनी चौघांना घरात घेतले आणि घराचा पत्ता चौघांच्या गावचा, म्हणजे डॅलसचा झाला. पहिले आयुक्तही साउथवेस्टचेच स्टीव्ह हॅचेल. उत्तरेकडच्या विद्यापीठांना, विशेषतः नेब्रास्काला, ‘आपण पाहुणे झालो’ ही भावना तेव्हापासून चिकटली. नेब्रास्काने २०११मध्ये बिग टेनची वाट धरली त्यामागे पैसा आणि टेक्सास विद्यापीठाची स्वतंत्र वाहिनी ही मोठी कारणे होती. मुख्यालयाला दोष देणे अतिशयोक्ती ठरेल. पण बारा जणांत शब्द कोणाचा चालणार, हे डॅलसच्या निवडीने सुरुवातीलाच सांगून टाकले होते.

अमेरिकन ॲथलेटिकचे अर्व्हिंगला येणे याच्या उलट, कोणालाही न दुखावणारे. बिग ईस्ट कॉन्फरन्स १९७९मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे सुरू झाली, कारण तिचे जनक डेव्ह गॅव्हिट प्रॉव्हिडन्स कॉलेजात होते. २०१३मध्ये ती फुटली. कॅथलिक महाविद्यालयांनी नाव घेतले आणि न्यूयॉर्कला कार्यालय थाटले. १९८३पासून तिची बास्केटबॉल स्पर्धा न्यूयॉर्कच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर होत होती. उरलेल्यांच्या वाट्याला ‘अमेरिकन ॲथलेटिक’ हे नवे नाव आणि प्रॉव्हिडन्सची जुनी कचेरी आली. सदस्य टेक्सास, फ्लोरिडा, ओक्लाहोमात आणि कारभार न्यू इंग्लंडच्या कोपऱ्यात, अशी तऱ्हा. २०२०मध्ये शेजारचे कनेटिकट विद्यापीठही बिग ईस्टला परतले. त्याच वर्षी कार्यालयाने टेक्सास गाठले.

ग्रीन्सबरो सुटते

निवडीची प्रक्रिया पूर्ण आधुनिक रूपात पाहायची तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे (एसीसी) उदाहरण घ्यावे. ८ मे १९५३ रोजी उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरोजवळच्या सेजफील्ड इनमध्ये सात विद्यापीठांनी ती स्थापन केली. सातांपैकी चार याच राज्यातली: ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि वेक फॉरेस्ट. मोटारीने ग्रीन्सबरो सर्वांनाच सोयीचे. पुढची सत्तर वर्षे एसीसी तिथेच नांदली. पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा ग्रीन्सबरोइतकी दुसऱ्या कोणत्याही शहरात झालेली नाही; शहराने स्वतःला ‘टूर्नामेंट टाउन’ म्हणवून घेतले ते उगीच नव्हे.

पण कॉन्फरन्स वाढत गेली. मायामी, बॉस्टन कॉलेज, सिराक्यूज, पिट्सबर्ग, लुइव्हिल आले. सिराक्यूजचे प्रशिक्षक जिम बोहाइम यांनी २०१७मध्ये, स्पर्धा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये असताना, ग्रीन्सबरोला खेळण्यात काहीच अर्थ नाही असे जाहीरपणे म्हटले. ग्रीन्सबरोत संताप उसळला. बोलण्याची तऱ्हा उद्धट होती, पण पुढे कागदोपत्री जे निकष आले ते याहून फार वेगळे नव्हते.

२०२१मध्ये जिम फिलिप्स आयुक्त झाले. बाहेरची सल्लागार कंपनी नेमून मुख्यालयाचा फेरविचार सुरू झाला. पूर्व किनाऱ्याच्या वेळेचे क्षेत्र, वाढती लोकसंख्या, मोठ्या विमान कंपनीचे केंद्र असलेला विमानतळ, कर्मचाऱ्यांचा खर्च, कॉन्फरन्सच्या नावाला मिळणारी झळाळी, असे निकष होते. अखेरच्या फेरीत ग्रीन्सबरो, शार्लट आणि फ्लोरिडातील ऑर्लँडो उरले. निकष वाचतानाच निकाल दिसतो, असे म्हणायचा मोह होतो. २०२०च्या जनगणनेत ग्रीन्सबरोची वस्ती तीन लाखांच्या आत, शार्लटची पावणेनऊ लाख. शार्लटचा विमानतळ अमेरिकन एअरलाइन्सचे मोठे केंद्र, शिवाय शहर देशातल्या मोठ्या बँकांचे.

राज्य सरकार गप्प बसले नाही. २०२२च्या अर्थसंकल्पात उत्तर कॅरोलायनाने एसीसीसाठी दीड कोटी डॉलर ठेवले. अट अशी, की मुख्यालय पंधरा वर्षे राज्यातच राहावे आणि ठरावीक अजिंक्यपद स्पर्धा राज्यात व्हाव्यात. पैसा राज्याचा होता, ग्रीन्सबरोचा नव्हे, ही मेख. ऑर्लँडोला रोखणे एवढेच त्यातून साधले. राज्यातल्या राज्यात कुठे जायचे ते कॉन्फरन्सच्या मर्जीवर राहिले. २० सप्टेंबर २०२२ रोजी शार्लटचे नाव जाहीर झाले आणि २०२३मध्ये कचेरी तिथल्या एका बँकेच्या उंच मनोऱ्यात गेली. जवळपास पन्नास माणसांच्या कार्यालयासाठी दीड कोटी हा सौदा राज्याच्या दृष्टीने महागच. स्पर्धांसोबत येणाऱ्या प्रेक्षकांचा हॉटेल-खर्च धरला तरच गणित जुळते, आणि असे गणित मांडणारे सहसा पैसे घेणाऱ्या किंवा देणाऱ्या बाजूचेच असतात.

अशा सौद्याची मोठी आवृत्ती याआधी होऊन गेली होती. कॉन्फरन्सांची शिखर संस्था असलेली एनसीएए १९५२पासून कॅन्सस सिटी परिसरात होती. १९९७मध्ये इंडियानापोलिसने सुमारे पाच कोटी डॉलरचे साहाय्य आणि वर्षाला एक डॉलर भाड्याची जागा देऊ करून ती पळवली. १९९९मध्ये स्थलांतर झाले. त्या शहराने १९७०च्या दशकापासून हौशी खेळांची राजधानी व्हायचे ठरवून स्टेडियम उभारले होते, १९८७ची पॅन अमेरिकन स्पर्धा भरवली होती. मुख्यालय हा त्या योजनेचा कळस होता.

भाडे आणि दिमाख

पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक-१२ कॉन्फरन्स उलट वाटेने गेली. तिचे कार्यालय वॉलनट क्रीक या शांत उपनगरात होते. आयुक्त लॅरी स्कॉट यांच्या काळात कॉन्फरन्सने स्वतःची वाहिनी काढली आणि कार्यालय व स्टुडिओ सॅन फ्रान्सिस्कोच्या ऐन मध्यवस्तीत नेले. तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेजारी बसलो की त्यांच्यासारखा पैसा येईल, असा होरा असावा. वर्षाचे भाडे साठ लाख डॉलरच्या वर गेले. वाहिनी अपेक्षेइतकी घरोघरी पोचली नाही, विद्यापीठांना मिळणारा वाटा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी पडू लागला आणि भाड्याचा आकडा पत्रकारांच्या लेखांत सारखा झळकू लागला. २०२३मध्ये पॅक-१२ने सॅन रॅमॉनच्या स्वस्त उपनगरात बिऱ्हाड हलवले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत बाराजणांपैकी दहांनी बाहेर पडायचे ठरवले होते.

कोर्ट कुठले

मुख्यालयाचा एक परिणाम निवडीच्या निकषांच्या यादीत क्वचितच ठळकपणे दिसतो, पण अलीकडे तोच सर्वांत महाग ठरला आहे. सदस्याने भांडण काढले तर खटला कुठे चालणार? २१ डिसेंबर २०२३ रोजी एसीसीने फ्लोरिडा स्टेट विद्यापीठावर शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीत दावा लावला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने फ्लोरिडातील लिऑन काउंटीत एसीसीवर. बाहेर पडण्याचा दंड आणि प्रक्षेपण हक्क कॉन्फरन्सला बहाल करणारा करार हे वादाचे विषय. विद्यापीठाची एक तक्रार तर थेट जागेबद्दलची होती: दूरचित्रवाणी कंपनीशी झालेल्या कराराची प्रत सदस्यांना मिळत नाही, ती उत्तर कॅरोलायनातील मुख्यालयात जाऊनच वाचावी लागते. क्लेमसन या दुसऱ्या सदस्य विद्यापीठानेही मार्च २०२४मध्ये आपल्या दक्षिण कॅरोलायनात दावा ठोकला. प्रत्येकाला आपल्या अंगणातला न्यायाधीश हवा होता. मार्च २०२५मध्ये तडजोड झाली आणि पैशांच्या वाटणीचे सूत्र बदलले.

पॅक-१२च्या बाबतीत मुख्यालयाचे राज्य कॅलिफोर्निया, तरीही मागे राहिलेल्या वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट या दोघांनी सप्टेंबर २०२३मध्ये दावा लावला तो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या व्हिटमन काउंटीत. तिचे कोर्ट कोलफॅक्सला आहे. तीन हजारांच्या आत वस्तीचे, गव्हाच्या शेतांनी वेढलेले गाव. निघून जाणाऱ्या दहांना कॉन्फरन्सच्या मंडळात मत उरत नाही असा अंतरिम आदेश तिथे निघाला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्यात हात घालायला नकार दिला. कॉन्फरन्सची तिजोरी आणि नाव त्या दोघांकडे राहिले.