पाण्यापासून सुटत गेलेली फळी

साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या खान्देशात अनेकांनी पाहिल्या आहेत. पातं जवळून पाहिलं तर एक कड जाड, गोलसर आणि दुसरी निमुळती दिसते. या आकाराभोवतून हवा वाहिली की दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पातं ओढलं जातं. हाच आकार आज विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावरून धावण्याच्या खेळातल्या फळीखाली, पाण्यात बसवतात.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. त्यामुळे फळीचं जितकं अंग पाण्यात, तितका विरोध जास्त. गेल्या साठेक वर्षांतले बहुतेक बदल हा विरोध कमी करण्यासाठीच झाले.

१९६८ साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी अशा शिडाच्या फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ड्रेक विमानं रचणारे अभियंते होते. त्यांनी डोलकाठी फळीला घट्ट न ठोकता सगळीकडे कलणाऱ्या सांध्यावर बसवली. शीड पुढे कलवलं की फळीचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे कलवलं की वाऱ्याकडे येतं. सुकाणूची गरजच संपली! माझ्या मते एवढी साधी आणि एवढी पुरून उरलेली युक्ती या खेळात दुसरी नाही.

सुरुवातीला मोठ्या संख्येनं बनलेली फळी १२ फुटी, प्लास्टिकची आणि जड होती. लांबीला कारण होतं. संथ चालणारी फळी पाणी बाजूला सारते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. फळी लांब, तर ही वेगमर्यादा जास्त. १२ फुटांना ती ताशी ८-९ किलोमीटर येते. पण वारा जोराचा आणि फळी हलकी असेल, तर ती त्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. एकदा प्लेनिंग साधलं की लांबीचं ओझंच होतं.

म्हणून पुढे फळ्या आखूड झाल्या. आत फोम, वर फायबरग्लास आणि नंतर कार्बनचं कवच आलं. हवाईच्या लाटांवर उड्या मारणाऱ्यांनी १९७०च्या दशकातच पायपट्टे लावले होते. फळीच्या मधोमध खाली उतरणारा उभा पाटा, म्हणजे डॅगरबोर्ड, वेगात फळीची कड उचलून ती उलटवू पाहतो, म्हणून तोही गेला. मागच्या टोकाखालचं छोटं पातं, म्हणजे फिन, पुरेसं ठरलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस फळी रुंद होत मीटरभरापर्यंत गेली, कारण रुंद तळ कमी वाऱ्यातही प्लेनिंग करतो.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली फळी जेमतेम २.२ मीटर लांब होती. तिच्याखाली मीटरभर खोल दांडा आणि त्याच्या टोकाला पंख, म्हणजे फॉइल. पाणी घन असल्यामुळे चौरस फुटाच्या आसपासचा पुढचा पंखही माणसासकट सगळी फळी वर उचलतो. ज्या घनतेशी इतकी वर्षं झगडा चालला होता, तीच इथे कामाला आली.

मात्र फॉइलला खोल, स्वच्छ पाणी लागतं. हतनूरसारख्या गाळानं भरत चाललेल्या धरणात तो तळाला घासायची किंवा जलपर्णीत अडकायची भीती. तिथे शिकायला जुनी लांब फळीच बरी. डॅगरबोर्ड वर ओढून घेतला की ती उथळ पाण्यातूनही निघते.