नमुन्यापासून नावापर्यंत: रोगजंतू ओळखण्याची रीत

थुंकीच्या नमुन्यात जिवाणू सापडले, या वाक्याला वैद्यकात जवळजवळ काहीच अर्थ नाही. निरोगी माणसाच्या तोंडात आणि घशात असंख्य प्रकारचे जिवाणू कायमच वस्तीला असतात. ते सापडले नसते तरच नवल वाटले असते. तेच जिवाणू मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिसले, तर मात्र प्रयोगशाळेतून डॉक्टरांना तातडीने दूरध्वनी जातो, कारण तो द्रव एरवी जंतुविरहित असतो. रोगजंतू ओळखण्याचे काम म्हणूनच सूक्ष्मदर्शकाच्या आधी, नमुना शरीराच्या कोणत्या भागातून आणि कसा घेतला या प्रश्नापासून सुरू होते, आणि शेवटी अहवालात जे नाव उतरते त्याचा अर्थही बराचसा त्याच उत्तरावर अवलंबून राहतो.

छातीतून खोकून काढलेला बेडका आणि तोंडातील लाळ यांतला फरक डोळ्यांना नेहमी कळतोच असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो कळतो. गालाच्या आतील चपट्या पेशी जास्त आणि पांढऱ्या पेशी कमी दिसल्या, तर तो नमुना लाळेचा समजून पुन्हा मागवला जातो, कारण त्याचे संवर्धन करून, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून, मिळणारे उत्तर दिशाभूल करणारे असते. लघवीच्या बाबतीत त्वचेवरचे जिवाणू नमुन्यात मिसळतात, म्हणून तेथे मोजणी महत्त्वाची ठरते. एका मिलिलिटरमध्ये 1,00,000 किंवा त्याहून अधिक जिवाणू हा जुना आणि आजही वापरात असलेला निकष आहे, जरी लक्षणे स्पष्ट असलेल्या रुग्णांत त्याहून कमी संख्याही गांभीर्याने घेतली जाते. नमुना नाकारणे हे अनेकांना प्रयोगशाळेचे आडमुठेपण वाटते. माझ्या मते तो तिच्या प्रामाणिकपणाचा पहिला पुरावा आहे.

नमुना योग्य ठरला की पहिली मोठी विभागणी होते ती रंगाने. डेन्मार्कचे डॉक्टर हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी 1884 मध्ये, बर्लिनमध्ये काम करत असताना, न्यूमोनियाने मरण पावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसातील जिवाणू ठळक दिसावेत म्हणून एक रंजनपद्धती प्रसिद्ध केली. काचपट्टीवरील जिवाणूंना आधी जांभळा रंग द्यायचा, मग आयोडीन घालायचे आणि नंतर अल्कोहोलने धुवायचे. काही जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काहींचा तो धुऊन जातो आणि पुढे दिलेला गुलाबी रंग ते घेतात. ग्राम यांना स्वतःला ही पद्धत सदोष आणि अपुरी वाटत होती, तसे त्यांनी शोधनिबंधात लिहूनही ठेवले. सुमारे एकशे चाळीस वर्षांनंतरही बहुतेक प्रयोगशाळांमध्ये जिवाणूंची पहिली तपासणी तीच असते.

या फरकाचे कारण पेशीभित्तिकेत आहे. जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या, म्हणजे ग्राम-धन, जिवाणूंभोवती पेप्टिडोग्लायकन या पदार्थाचा जाड थर असतो. अल्कोहोलमुळे तो आकसतो आणि जांभळा रंग व आयोडीन यांचा संयुक्त कण आत अडकून पडतो. गुलाबी होणाऱ्या, म्हणजे ग्राम-ऋण, जिवाणूंत हा थर पातळ असतो आणि त्याबाहेर मेदयुक्त आवरण असते. अल्कोहोल ते आवरण विरघळवते आणि रंग बाहेर पडतो. हा केवळ रंगाचा खेळ नाही, कारण अनेक प्रतिजैविके याच भित्तिकेवर हल्ला करतात किंवा तिच्या बाहेरील आवरणामुळे अडतात. म्हणजे काही मिनिटांच्या तपासणीतून जिवाणूचे नाव कळले नाही तरी कोणती औषधे आधी विचारात घ्यावीत हे कळते. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या मज्जाद्रवात पांढऱ्या पेशींच्या आत गुलाबी रंगाच्या जोड्या दिसल्या तर निसेरिया मेनिंजायटिडिस, आणि टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या जांभळ्या जोड्या दिसल्या तर स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, असा अंदाज त्याच क्षणी बांधता येतो आणि रुग्णाचे प्राण वाचवण्यासाठी अनेकदा तेवढा पुरतो.

ग्राम रंजनाला मर्यादा आहेत. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे तो या रंगाला दाद देत नाही आणि पेनिसिलिनलाही देत नाही. क्षयाच्या जिवाणूभोवती मायकोलिक आम्लाचे मेणचट आवरण असल्याने त्याच्यासाठी झील-नील्सन पद्धत वापरावी लागते, जिच्यात एकदा शिरलेला लाल रंग आम्लानेही निघत नाही. मात्र थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 5,000 ते 10,000 जिवाणू असल्याशिवाय काचपट्टीवर ते सापडण्याची खात्री नसते. काचपट्टीवर क्षयजंतू दिसले नाहीत म्हणजे क्षयरोग नाही, असे म्हणूनच कोणी सांगत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली आकार आणि रंग कळतो, पण शेकडो जाती सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करायच्या तर जिवाणू वाढवून पाहावे लागतात, आणि तेही एकेक जात सुटी करून. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी आरंभी बटाट्याच्या चकत्या आणि जिलेटिन वापरून पाहिले. परंतु शरीराच्या तापमानाला, म्हणजे 37 अंश सेल्सिअसला, जिलेटिन वितळते आणि कित्येक जिवाणू ते खाऊनही टाकतात. 1881 च्या सुमारास कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांना त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर सुचवले. अगर उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला वितळते, पण एकदा घट्ट झाले की 37 अंशांना तसेच राहते आणि बहुतेक रोगजंतूंना ते पचत नाही. 1882 मध्ये कॉख यांनी क्षयजंतूवरील निबंधात अगरचा उल्लेख केला. हेसे दांपत्याचा केला नाही. 1887 मध्ये युलियस रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी आणली आणि आजच्या प्रयोगशाळेचे चित्र जवळजवळ पूर्ण झाले.

पुढचे कौशल्य अगरमध्ये काय मिसळायचे यात आहे. मॅकॉन्की अगरमध्ये पित्तक्षार आणि जांभळा रंग असल्याने ग्राम-धन जिवाणू वाढतच नाहीत. वाढणाऱ्यांपैकी जे लॅक्टोज ही शर्करा आंबवतात त्यांच्या वसाहती, म्हणजे वाढून डोळ्यांना दिसणारे ठिपके, गुलाबी होतात, जे आंबवत नाहीत त्यांच्या फिकट राहतात. शौचाच्या नमुन्यात आतड्यातला नेहमीचा एश्चेरिशिया कोलाय गुलाबी उठतो आणि विषमज्वराचा किंवा रक्ती आवेचा जिवाणू त्या गर्दीत रंगहीन ठिपक्याच्या रूपाने उघडा पडतो. पटकीच्या जिवाणूसाठी वेगळे अल्कधर्मी माध्यम असते आणि त्यावर त्याच्या वसाहती पिवळ्या दिसतात. रक्त मिसळलेल्या अगरवर स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस आपल्याभोवतीच्या तांबड्या पेशी फोडून स्वच्छ पारदर्शक वर्तुळ तयार करतो. हिमोफिलस इन्फ्लुएन्झासारख्या जिवाणूला लागणारे पोषक घटक तांबड्या पेशींच्या आत असतात, म्हणून रक्त तापवून त्या पेशी फोडलेले माध्यम वापरतात. त्याला चॉकलेट अगर म्हणतात, आणि त्यात चॉकलेट मुळीच नसते.

यापुढे प्रश्नोत्तरे सुरू होतात. वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून बुडबुडे आले तर ग्राम-धन गोल जिवाणूंमध्ये तो स्टॅफिलोकॉकस गटातला, नाही आले तर बहुधा स्ट्रेप्टोकॉकस. वसाहत रक्त अगरवरून उचलताना रक्ताचा अंश बरोबर आला तर त्यानेही बुडबुडे येतात, एवढे मात्र भान ठेवावे लागते. सशाच्या रक्तद्रवात तोच जिवाणू मिसळून गाठ धरली तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस, नाही धरली तर त्वचेवरचे त्याचे निरुपद्रवी समजले जाणारे भाऊबंद. हे भाऊबंद रक्ताच्या संवर्धनात वारंवार सापडतात आणि सुई टोचताना त्वचेवरून आत गेलेले असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून रक्त एका जागेवरून न घेता दोन वेगळ्या जागांवरून घेतात. दोन्हींत एकच जिवाणू आला तर तो खरा मानण्याकडे कल असतो. एकाच बाटलीत आणि तोही उशिरा आला, तर कृत्रिम झडप किंवा रक्तवाहिनीत नळी असलेला रुग्ण वगळता बहुधा तो दूषण समजला जातो. हा निर्णय कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही; त्यासाठी प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाने रुग्णाच्या डॉक्टरांशी बोलावे लागते.

अशा परीक्षांची साखळी पूर्ण व्हायला एक-दोन दिवस सहज जात. 2010 नंतरच्या दशकात अनेक प्रयोगशाळांत हे चित्र पालटले ते माल्डी-टॉफ या यंत्रामुळे. वसाहतीचा किंचितसा भाग धातूच्या पट्टीवर पसरून त्यावर एका सेंद्रिय आम्लाचे द्रावण टाकतात आणि लेझरचा मारा करतात. जिवाणूतील प्रथिने विद्युतभारित होऊन निर्वात नळीतून उडतात, हलकी आधी पोहोचतात, जड नंतर. या आगमनाच्या वेळांवरून वस्तुमानांचा आलेख तयार होतो आणि त्यात मुख्यत्वे रायबोसोममधील, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणांतील, प्रथिने दिसतात, जी प्रत्येक जातीत थोडी वेगळी असतात. आलेख साठ्यातील हजारो आलेखांशी ताडून यंत्र काही मिनिटांत नाव सांगते.

तरीही हे नाव साठ्याइतकेच भरवशाचे असते. 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या कँडिडा ऑरिस या यीस्टचे, म्हणजे एकपेशीय बुरशीचे, वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतरही अनेक ठिकाणी शर्करा आणि इतर रसायनांवर आधारलेल्या तयार चाचण्या त्याला कँडिडा हिमुलोनी असे चुकीचे नाव देत राहिल्या, कारण नवे नाव त्यांच्या यादीतच नव्हते. ही यीस्ट फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला बहुधा दाद देत नाही आणि रुग्णालयात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते, त्यामुळे ही चूक केवळ कागदावरची नव्हती. माल्डी-टॉफचा साठा अद्ययावत केल्यावर ती ओळखता येऊ लागली. दुसरीकडे, स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए आणि घशातील त्याचा जवळचा नातलग स्ट्रेप्टोकॉकस मायटिस यांच्या प्रथिनांचे आलेख इतके सारखे असतात की त्या वेळी पुन्हा जुन्या चाचणीकडे वळावे लागते: पित्तक्षाराच्या द्रावणात विरघळला तर न्यूमोनिए, न विरघळला तर मायटिस.

जे जिवाणू वाढतच नाहीत त्यांचे काय? कुष्ठरोगाचा जिवाणू गेरहार्ड आर्माउर हान्सेन यांनी 1873 मध्ये पाहिला, पण तो आजही कृत्रिम माध्यमावर वाढवता येत नाही. अशा वेळी जनुकांकडे वळावे लागते. सर्व जिवाणूंत आढळणारे सुमारे 1,500 अक्षरांचे 16-एस रायबोसोमल आरएनए जनुक काही भागांत जवळजवळ जसेच्या तसे राहते आणि काही भागांत जातीजातींत बदलते. 1977 मध्ये अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूस यांनी याच रेणूच्या तुलनेवरून आर्किया हा सूक्ष्मजीवांचा सर्वस्वी वेगळा गट दाखवून दिला. 1907 मध्ये वर्णन झालेल्या व्हिपल या आतड्याच्या दुर्मीळ रोगाला कारणीभूत असलेला जिवाणू या जनुकाच्या आधारे 1992 च्या सुमारास ओळखला गेला, आणि प्रयोगशाळेत वाढला तो त्यानंतर, 2000 मध्ये. म्हणजे जिवाणूचे नाव आधी ठरले आणि तो जिवंत हाती नंतर आला.

क्षयरोगात हीच दिशा रोजच्या कामात उतरली आहे. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला 15 ते 20 तास घेतो, त्यामुळे घन माध्यमावर वसाहती दिसायला कित्येक आठवडे लागतात; जनुकांची नक्कल वाढवणारी स्वयंचलित चाचणी मात्र सुमारे दोन तासांत जिवाणू आणि रिफाम्पिसिन या औषधाला त्याचा विरोध, दोन्ही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये तिची शिफारस केली. पण ही चाचणी डीएनए पाहते, आणि डीएनए मेलेल्या जिवाणूतही शिल्लक राहतो. उपचार यशस्वी झाल्यावरही ती काही काळ होकारार्थी येऊ शकते, म्हणून उपचाराचा परिणाम पाहायला संवर्धन आणि काचपट्टीच उपयोगी पडते.

जनुकांच्या तुलनेने ओळख सोपी झाली, तशी वर्गीकरणाची पंचाईतही वाढली. वंशावळीच्या दृष्टीने रक्ती आवेचा शिगेला हा एश्चेरिशिया कोलायचाच एक भाग आहे. माल्डी-टॉफलाही त्यांतला फरक सहसा कळत नाही. तरी शिगेलाचे स्वतंत्र नाव टिकून आहे, कारण त्याचा संसर्ग झालेल्या माणसाची काळजी आणि साथ रोखण्याचे उपाय वेगळे असतात. साल्मोनेलाच्या बाबतीत उलटे झाले: 2,500 हून अधिक सिरोटाइप (पृष्ठभागावरील रेणूंवरून पाडलेले उपप्रकार), ज्यांना एकेकाळी बहुधा स्वतंत्र जातीचे नाव दिले जाई, ते आता एन्टेरिका आणि बोंगोरी या दोनच जातींत बसवले आहेत, आणि विषमज्वराचा जिवाणू साल्मोनेला एन्टेरिकाचा टायफी हा सिरोटाइप ठरतो. जिवाणूंच्या नावांतील गोंधळ आवरण्यासाठी 1 जानेवारी 1980 पासून मान्य नावांची एक यादी आरंभबिंदू म्हणून धरली गेली, पण त्यानंतरही बदल थांबलेले नाहीत. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या अतिसाराला कारणीभूत असलेला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल आपल्या वंशात बसत नाही हे स्पष्ट झाल्यावर त्याला पेप्टोक्लॉस्ट्रिडियममध्ये हलवावे, असे सुचवले गेले. मात्र डॉक्टर आणि परिचारिकांच्या तोंडी सी-डिफ हे संक्षिप्त नाव पक्के बसले होते. 2016 मध्ये त्याच्यासाठी क्लॉस्ट्रिडिऑइडिस असे नवे वंशनाम मांडले गेले ते हे आद्याक्षर टिकवून. बऱ्याच प्रयोगशाळा अहवालात नव्या नावाबरोबर जुने नावही काही काळ कंसात छापत राहिल्या, जेणेकरून वाचणाऱ्याला हा वेगळाच जिवाणू वाटू नये.