सिरपूरचे पक्षी आणि न झालेला निकाल

परवा भाचा दुकानातून थेट आमच्याकडे आला आणि फाइल टेबलावर आपटली. "मामा, बघा तर सही. बॉटनं फसवलं मला."

इंदूरच्या सियागंजात त्याचा पॅकिंगच्या मालाचा ठोक धंदा आहे. २०२४-२५ च्या इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीत, तफावत दिसते म्हणून जीएसटीची नोटीस आलेली. उत्तराचा मसुदा त्यानं एका चॅटबॉटकडून लिहून घेतला. इंग्रजी झकास. फक्त आधार कलम ७३ चा होता, आणि उच्च न्यायालयाचा जो निकाल साल-खंड-पानासकट दिला होता, त्या पानावर मुनीमजींना निघाला कुठल्याशा जमिनीचा तंटा.

पहिली चूक समजू शकते. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांना कलम ७३ आणि ७४ लागू होती. २०२४-२५ पासून त्यांची जागा ७४-ए नं घेतली. बॉट ज्या मजकुरावर शिकला त्यात सात वर्षांचं ७३ ठासून भरलेलं, ७४-ए चिमूटभर. आणि फरक नुसत्या आकड्याचा नाही. फसवणुकीचा आरोप नसेल, तर नोटिशीनंतर कर आणि व्याज भरून दंड टाळायला ७३ मध्ये ३० दिवस मिळत, ७४-ए मध्ये ६० मिळतात. बॉटच्या हिशोबानं भाचा एफडी मोडायला निघाला होता.

दुसरी चूक मला आवडली. असं म्हटल्यावर तो चिडला, पण ज्यानं आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं त्याला दुसरं काय आवडणार?

मुळात बॉटनं फसवलेलं नाही. फसवायला खरं काय ते ठाऊक असावं लागतं. बॉटच्या आतलं भाषेचं मॉडेल मजकुराचे लहान तुकडे करतं, पुढे येऊ शकणाऱ्या प्रत्येक तुकड्याला वजन देतं आणि त्या वजनांनुसार फासा टाकतं. निकालाच्या संदर्भाचा साचा त्यानं लाखो वेळा पाहिलाय: पक्षकारांची नावं, कंसात साल, मग खंड, मग पान. त्यामुळे कंसानंतर साल येणार हे जवळपास नक्की. पण कुठल्या खटल्याचं पान कुठलं, हे त्या सगळ्या मजकुरात कदाचित एकदाच आलेलं असतं. तिथे वजन शेकडो आकड्यांवर विखुरतं. फासा मात्र टाकावाच लागतो. साचा पक्का, आतला आकडा सोडतीतला.

अशी चूक किती वेळा होईल? याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी थंडीत सिरपूर तलावावर जायला हवं.

समजा तुम्ही वहीत पक्ष्यांच्या २०० नोंदी केल्या. बगळे, टिटव्या, पाणकावळे पुन्हापुन्हा दिसले. १६ जाती मात्र एकेकदाच. आता पुढचा पक्षी वहीत नसलेल्या जातीचा असण्याची शक्यता किती? सुमारे १६ भागिले २००, म्हणजे ८ टक्के. जे पाहिलंच नाही त्याचा अंदाज एकदाच पाहिलेल्यावरून! का, ते करून बघा. प्रत्येक नोंदीची चिठ्ठी करा आणि एक चिठ्ठी लपवा. उरलेल्या १९९ मध्ये ती जात सापडणार नाही, असं केव्हा होईल? ती एकदाच दिसली असेल तेव्हाच. अशा चिठ्ठ्या १६. दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंगनं सांकेतिक लिपी फोडताना ही युक्ती लढवली, आणि त्याचा सहकारी आय. जे. गुड यानं १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली.

२०२३ मध्ये ॲडम कलाई आणि संतोष वेंपला या संशोधकांनी हाच हिशोब भाषेच्या मॉडेलला लावला. वाढदिवस किंवा निकालाचं पान कुठल्या नियमातून निघत नाही, ते लक्षातच ठेवावं लागतं. मॉडेलची वजनं शिकवणीतल्या वारंवारतेशी इमानानं जुळत असतील, तर एकदाच दिसलेल्या माहितीचं प्रमाण हीच थापांच्या प्रमाणाची साधारण खालची मर्यादा ठरते. २०२५ च्या पुढच्या निबंधात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उदाहरण दिलंय: शिकवणीत २० टक्के वाढदिवस एकदाच आले असतील, तर मूळ मॉडेल निदान २० टक्के वाढदिवसांबाबत चुकेल अशी अपेक्षा धरावी. "मूळ" हा शब्द महत्त्वाचा. नंतरच्या शिकवणीत त्याला "माहीत नाही" म्हणायला शिकवता येतं. पण ज्या चाचण्यांवर मॉडेलांची क्रमवारी लागते, त्यांतल्या बहुतेकांत निगेटिव्ह मार्किंग नाही. मग पेपर कोरा कोण सोडेल?

सॉफ्टवेअर विकणारे सांगतात, 'तापमान' (फासा किती मोकळा टाकायचा ते ठरवणारी खुंटी) शून्यावर ठेवा, थापा बंद. तापमान शून्य केलं की दरवेळी जवळपास तेच उत्तर येतं. पण ते खरं असेलच असं नाही. आमच्या गल्लीत हातानं मांडलेल्या पत्रिकेपेक्षा 'कॉम्प्युटर कुंडली'वर लोकांचा जास्त विश्वास. छापून आली ना! त्यातलाच हा प्रकार.

न्यायाधीशांना या गणिताशी घेणंदेणं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी एव्हिआंका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीनं रचलेले निकाल दाखल केले. न्यायाधीश कॅस्टल यांनी ५,००० डॉलर दंड केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे एअर कॅनडाचा बचाव असा, की चुकीची माहिती देणारा आपला चॅटबॉट म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं वेगळीच व्यक्ती, स्वतःच्या करणीला स्वतःच जबाबदार. तो बचाव फेटाळला गेला आणि प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर द्यावे लागले. मुनीमजींनी चुकीचं बिल फाडलं तर "ते त्यांचं, दुकानाचं नाही" असं सियागंजात म्हणून बघा.

भाच्यानं आणखी एक पराक्रम केला होता: गिऱ्हाइकांची अख्खी यादी, जीएसटी क्रमांक आणि मोबाइलसकट, बॉटला चिकटवली होती. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांत तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो, आणि एकट्याच्या मालकीचं दुकान असलं तर तो त्या माणसाचाच पॅन. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षिततेच्या हलगर्जीसाठी कमाल दंड २५० कोटी रुपये आहे. एवढा काही ठोक दुकानाला होणार नाही, पण यादी गेली ती गेलीच.

शेवटी उत्तर मुनीमजींनी बसून केलं. जो निकाल छापून हातात येईल त्यावर लाल पेन्सिलीनं खूण, नाही आला की काट. बॉटनं दिलेल्या सहांपैकी एक उरला. बाकीची फाइल खरेदीच्या बिलांनी आणि २-बीच्या (पुरवठादारांच्या विवरणांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्याच्या) छापील पानांनी भरली.