पिन तीच, नंबर वेगळा: कर्नलमधले जुने इंटरफेस कसे निवृत्त होतात

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवायला बसवलेल्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावरची जुनी स्क्रिप्ट बहुधा सिसएफएसच्या मार्गाने जाते, म्हणजे कर्नलने फाइलींच्या रूपात उघड्या केलेल्या सेटिंग्जमधून. 'एक्सपोर्ट' नावाच्या फाइलीत पिनचा नंबर 17 लिहायचा, 'डायरेक्शन'मध्ये 'आउट', 'व्हॅल्यू'मध्ये 1, की रिले खट् करून ओढतो. मग कोणी सिस्टीम अपडेट करतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) 6.6 येतो आणि पहिलीच ओळ 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून अडते. वायरिंग तपासून, रिले बदलून काही होत नाही. त्या बोर्डावर पिनांची मोजणी आता 512 पासून सुरू होते. 17 ची 529 झाली. हा आकडा कर्नलच्या अंतर्गत हिशेबातला, तो कायम राहील असं वचन कधीच नव्हतं.

चालता प्रोग्रॅम कर्नलमुळे मोडता कामा नये, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक. म्हणून जुनं काढायचं तेही सावकाश. जीपीआयओसाठी, म्हणजे बोर्डावरच्या या पिना हाताळायला, नवा मार्ग 2016 मध्ये कर्नल 4.8 सोबत आला. सिसएफएसच्या मार्गाची नोंद 'ऑब्सोलीट' यादीत गेली, पण तो लगेच तोडला नाही. उलट 'सिसकंट्रोल' हा सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची क्रमांकित सोय) बरीच वर्षं इशारे देऊन 2020 मध्ये, 5.5 आवृत्तीत काढला. 64-बिट इंटेल-एएमडी मशीनवरचा त्याचा 156 हा क्रमांक मात्र रिकामाच ठेवलाय. तो दुसऱ्या कॉलला दिला असता, तर जुन्या प्रोग्रॅमने नकळत भलतंच काम करून ठेवलं असतं. आता त्याला सरळ 'हे काम इथं नाही' असा एरर मिळतो.

स्क्रिप्टमध्ये 17 खोडून 529 लिहिलं तर आजचं भागतं, पण ती मलमपट्टीच. नव्या मार्गाने पिना हाताळणारी लिबजीपीआयओडी ही लायब्ररी आणि तिच्या कमांड बसवा. 'जीपीआयओडिटेक्ट'ने चिप कोणती ते पाहा, 'जीपीआयओइन्फो'ने लाइन (इथे पिनला हेच नाव) शोधा. मोजणी चिपपुरती असल्याने इथे 17 ही 17च राहते. कमांड लिहिताना लिबजीपीआयओडीची आवृत्ती बघा: 1 मध्ये चिपचं नाव नुसतं द्यायचं, 2 मध्ये त्याआधी 'सी' पर्याय लागतो.

खरी गोम पुढे आहे. सिसएफएसमध्ये स्क्रिप्ट संपली तरी पिन चालू राहायची. नव्या मार्गात प्रोग्रॅम संपला की लाइन सुटते आणि रिले ओढलेला राहील याची हमी नसते. फौंड्रीत त्यावर थंड पाण्याचा पंप असेल तर हे महागात पडतं. म्हणून प्रोग्रॅम सिस्टीमडीची (लिनक्समध्ये पार्श्वभूमीला प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था) सेवा करून सतत चालता ठेवा आणि पहिली चाचणी पंपाऐवजी बल्ब जोडून घ्या. जुन्या स्क्रिप्टने एक्सपोर्ट केलेली पिन आधी 'अनएक्सपोर्ट' करा, नाहीतर नवी सेवा 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणत सुरूच होणार नाही.