लिथुआनियातील औपचारिक अभिवादन आणि शिष्टाचार

बाल्टिक समुद्राच्या पूर्व काठावरील लिथुआनिया या सुमारे 29 लाख वस्तीच्या देशात औपचारिक प्रसंगी एकमेकांना भेटण्याच्या, संबोधण्याच्या आणि निरोप घेण्याच्या रीती. देशातील बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक आहेत. पोलंडशी शतकानुशतके एकत्र राहिलेले राज्य, त्यानंतरची रशियन झारशाही, 1918 पासूनचे पहिले प्रजासत्ताक आणि 1940 नंतरची सोव्हिएत राजवट या साऱ्यांचे ठसे या रीतींवर आहेत. बाहेरून येणाऱ्याला लिथुआनियन माणूस पहिल्या भेटीत थंड वाटतो. अनोळखी माणसाकडे पाहून हसणे, पाठीवर हात ठेवणे, लगेच घरची चौकशी करणे हे तिथे सभ्यपणात मोडत नाही. आदर देहबोलीतून कमी आणि भाषेतून जास्त व्यक्त होतो. म्हणून या शिष्टाचाराचा बराचसा भाग संबोधनाचा आहे.

दिवसभरातले सर्वसाधारण औपचारिक अभिवादन ‘लाबा दिएना’ (शुभ दिवस) हे आहे. सकाळी ‘लाबस रीतस’ आणि संध्याकाळी ‘लाबस वाकरस’ म्हणतात. नुसते ‘लाबस’ हे मित्रांपुरते. बँकेतल्या अधिकाऱ्याला किंवा प्राध्यापकाला ते म्हटले तर उद्धटपणा ठरतो. ‘स्वेइकस’ (पुरुषाला) आणि ‘स्वेइका’ (स्त्रीला) हेही ओळखीच्यांतले शब्द आहेत, मात्र त्यांचेच बहुवचन ‘स्वेइकी’ अर्धऔपचारिक प्रसंगी एका व्यक्तीलाही चालते. आधी अभिवादन करायचे ते बाहेरून आत येणाऱ्याने: दवाखान्याच्या प्रतीक्षा खोलीत, लहान दुकानात किंवा कार्यालयाच्या खोलीत शिरताना ‘लाबा दिएना’ म्हटले जाते, आणि ते कोणा एकाला उद्देशून असण्याची गरज नसते. ‘कसे काय?’ ही पृच्छा अभिवादनाचा भाग नाही. ती ओळखीच्या माणसाला करतात, आणि ज्याला केली तो बरेचदा खरेखुरे उत्तर देतो. निरोपासाठी ‘विसो गेरो’ किंवा ‘इकी पासीमातीमो’ म्हणतात. तरुणांच्या तोंडचे नुसते ‘इकी’ औपचारिक बैठकीत कानाला खटकते.

हस्तांदोलन घट्ट, थोडक्यात आणि डोळ्यांत पाहून करतात. हात आधी पुढे करण्याचा मान स्त्रीचा, वयाने मोठ्याचा किंवा हुद्द्याने वरच्याचा. हिवाळ्यात हातमोजा काढूनच हात दिला जातो. पुरुषांच्या घोळक्यात आलेला पुरुष एकेकाशी हस्तांदोलन करतो आणि तिथेच उभ्या असलेल्या स्त्रीला नुसती मान लववतो, ही जुनी सवय आता कार्यालयांत मागे पडत आहे, आणि ते योग्यच आहे. स्त्रीच्या हाताचे चुंबन घेण्याची सरदारघराण्यांतली रीत वयस्क पुरुषांत क्वचित दिसते. उंबरठ्यावर मात्र हात द्यायचा नाही: एकजण आत, दुसरा बाहेर अशा स्थितीत हस्तांदोलन केल्यास भांडण होते, अशी समजूत शेजारच्या देशांप्रमाणे इथेही आहे. अंधश्रद्धा न मानणारा माणूसही एक पाऊल आत किंवा बाहेर येतो आणि मगच हात पुढे करतो.

मध्यमपुरुषी सर्वनामे दोन: ‘तु’ म्हणजे तू आणि ‘यूस’ म्हणजे तुम्ही. अनोळखी प्रौढ, वरिष्ठ, ग्राहक, रुग्ण, शिक्षक या सर्वांना ‘यूस’. पत्रात एकाच व्यक्तीला उद्देशून लिहिताना या सर्वनामाचे पहिले अक्षर मोठे घेण्याची पद्धत आहे. जुन्या ग्रामीण घरांत मुले आईवडिलांनाही ‘यूस’ म्हणत. या दोहोंपेक्षा वेगळा ‘तामस्ता’ हा आदरार्थी शब्द दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रचलित होता. आता तो वृद्धांच्या बोलण्यात किंवा थोड्या थट्टेच्या सुरात ऐकू येतो.

‘यूस’वरून ‘तु’वर येणे ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. तसा प्रस्ताव कोणीतरी मांडावा लागतो, आणि तो मांडण्याचा अधिकार मोठ्याचा, वरिष्ठाचा किंवा स्त्रीचा असतो. धाकट्याने स्वतःहून ‘तु’ सुरू केले तर समोरचा काही बोलणार नाही, पण पुढचे वाक्य मुद्दाम ‘यूस’ वापरून करील. मेजवानीत हा बदल कधी पेल्याने साजरा होतो: दोघे एकमेकांच्या कोपरात कोपर गुंफून पितात. जर्मन भाषेतून आलेल्या या प्रथेला ‘ब्रुदरशाफ्तस’ म्हणतात. एकदा ‘तु’वर आल्यावर परत ‘यूस’वर जाणे म्हणजे उघड नाराजी.

नावाआधी पुरुषासाठी ‘पोनस’, विवाहित किंवा प्रौढ स्त्रीसाठी ‘पोन्या’ आणि अविवाहित तरुणीसाठी ‘पानेले’ लावतात. सोव्हिएत काळात हे शब्द सरकारी व्यवहारातून हद्दपार झाले होते. त्यांच्या जागी ‘द्राउगस’ (कॉम्रेड) आला. मुळात हा मित्रासाठीचा साधा शब्द. 11 मार्च 1990 रोजी स्वातंत्र्य पुन्हा घोषित झाल्यावर ‘पोनस’ आणि ‘पोन्या’ कार्यालयांत परतले आणि ‘द्राउगस’ पुन्हा मित्रापुरता उरला. सैन्यातही वरिष्ठाला हुद्द्याआधी ‘पोनस’ जोडूनच हाक मारतात. वडिलांचे नाव जोडून आदर दाखवण्याची रशियन रीत लिथुआनियन संभाषणात नाही.

हाक मारताना नावाचे रूप बदलते, आणि परक्याची खरी परीक्षा इथे होते. योनस नावाच्या माणसाला ‘योनाइ’, दारियुसला ‘दारियाउ’ अशी हाक मारतात. ‘पोनस’चे ‘पोने’ होते, प्राध्यापकाला ‘प्रोफेसोरियाउ’ म्हणतात. हे संबोधनाचे रूप न वापरता मूळ नावानेच हाक मारणे लिथुआनियन कानाला अर्धवट वाटते. परकीय पुरुषनामांनाही लिखाणात अनेकदा लिथुआनियन शेपूट लागते: शेक्सपिअरचा ‘शेक्स्पीरस’ होतो. अधिकृत पत्राची सुरुवात ‘गेर्ब्यामस’ (आदरणीय) या शब्दाने आणि शेवट ‘पागार्ब्याइ’ (सादर) या शब्दाने करतात.

स्त्रियांच्या आडनावातून वैवाहिक स्थिती कळते. काझ्लाउस्कस या आडनावाच्या पुरुषाची पत्नी काझ्लाउस्किएने, तर मुलगी काझ्लाउस्काइते. आपल्याकडच्या ‘सौ.’ आणि ‘कु.’सारखेच हे, फरक इतकाच की तिथे ते आडनावाच्या पोटातच शिरले आहे. 2009 ते 2019 या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या दालिया ग्रिबाउस्काइते यांचे आडनावही अविवाहित रूपातले आहे. वैवाहिक स्थिती लपवू इच्छिणाऱ्यांसाठी राज्य भाषा आयोगाने 2003 मध्ये नुसते ‘-ए’ हे तटस्थ अंत्य रूप मान्य केले. त्यावर परंपरावाद्यांनी भाषा बिघडते अशी ओरड केली. एखादी स्त्री आपले आडनाव कसे सांगते ते नीट ऐकून तेच रूप वापरणे हा आजचा शिष्टाचार.

घरी बोलावणे आले तर ती जवळिकीची खूण समजतात. वेळेवर जावे; हातात फुले, चॉकलेट किंवा वाइन असावी. दारातच बूट काढतात आणि यजमान पाहुण्याला घरात घालायच्या चपला देतात. फुलांची संख्या विषम हवी, कारण सम संख्येची फुले अंत्यविधीची. शेवंती टाळावी: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमी शेवंती आणि मेणबत्त्यांनी भरून जाते, त्यामुळे वाढदिवसाला शेवंतीचा गुच्छ नेणाऱ्याकडे सगळे चमकून पाहतात. 1 सप्टेंबरला शाळा सुरू होते त्या सकाळी मात्र रस्त्यांवर शिक्षकांसाठी फुले घेऊन निघालेली मुले दिसतात.

जेवायला बसलेल्यांना ‘स्कानाउस’ म्हणतात. पेला उचलताना ‘ई स्वेइकाता’ (आरोग्यासाठी) म्हणायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे. शिंकणाऱ्यालाही हेच शब्द ऐकायला मिळतात. वाढदिवसाला ‘इल्ग्याउस्यु मेतु’ (उदंड आयुष्य) गातात. काळ्या राय-पिठाच्या भाकरीला, म्हणजे ‘दुओना’ला, जवळजवळ देवत्व आहे: ती उलटी ठेवत नाहीत, आणि खाली पडलेला तुकडा उचलून त्याचे चुंबन घेण्याची जुनी चाल आहे. लग्नानंतर आईवडील नवदांपत्याचे स्वागत भाकरी आणि मीठ देऊन करतात. नाताळच्या आदल्या रात्रीच्या ‘कूच्योस’ या मांसविरहित (मासे मात्र चालणाऱ्या) भोजनात घरातला वडीलधारा पवित्र पापुद्रा (पिठाची पातळ चकती) पुढे करतो, प्रत्येकजण दुसऱ्याच्या पापुद्र्याचा तुकडा मोडून शुभेच्छा देतो, आणि त्यानंतरच ताटाला हात लागतो. घरात शीळ वाजवणे मात्र वर्ज्य. त्याने भुते जमतात म्हणे.

खेड्यांत धार्मिक अभिवादन टिकून होते. आत येणारा ‘येशू ख्रिस्ताचा गौरव असो’ म्हणे, घरचे ‘युगानुयुगे, आमेन’ असे उत्तर देत. शेतात काम करणाऱ्याला वाटसरू ‘पादेक दिएवे’ (देव साह्य करो) म्हणत असे, आणि उत्तर म्हणून आभार मानले जात. शहरांत हे आता जवळजवळ ऐकू येत नाही.

अंत्यदर्शनासाठी मृतदेह विशिष्ट दालनात ठेवतात. काळ्या पोशाखात आलेला माणूस शवपेटीपुढे थोडा वेळ मान झुकवून उभा राहतो, फुले ठेवतो, मग कुटुंबीयांचा हात हातात घेऊन ‘उझ्याउचु’ (सहवेदना) एवढेच म्हणतो. यापुढे सांत्वनाची लांबण लावणे अपेक्षित नाही. पश्चिमेकडील झेमाइतिया प्रदेशात अशा वेळी ‘कालनाइ’ ही पारंपरिक स्तोत्रमाला गाण्याची प्रथा आहे. दफनानंतर सर्वांना जेवणाला बोलावतात, आणि ते नाकारणे बरे दिसत नाही.

गेल्या काही दशकांत संगणक कंपन्या, नवउद्योग आणि जाहिरातींत पहिल्या दिवसापासून ‘तु’ रुळले आहे, आणि ज्येष्ठ ग्राहकांना ते आवडत नाही. रुग्णालये, न्यायालये, विद्यापीठे आणि संसद (सेइमस) इथे ‘यूस’ कायम आहे. काउनस येथील आरोग्यविज्ञान विद्यापीठात इंग्रजीतून वैद्यक शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयही आहेत. वॉर्डात रुग्णांशी बोलण्यासाठी त्यांना लिथुआनियन शिकावी लागते, आणि तिथे वृद्ध स्त्रीला ‘पोन्या’ व ‘यूस’ असेच बोलायचे असते.