मुठेल (कोकमतेल)

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांतून निघणारे घट्ट तेल. दक्षिण कोकणात आणि गोव्याकडे त्याला भिरंडेलही म्हणतात. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात तेच ‘कोकम बटर’ या नावाने विकले जाते. त्याला तेल म्हणत असले तरी ते ओतता येत नाही. ते मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळतात आणि नावातही ती मूठ आहेच. थंडीत उललेले गाल, फुटलेले ओठ आणि टाचांच्या भेगा यांवर कोकणातल्या घराघरांत वर्षानुवर्षे हा गोळा चोळला जातो.

कोकमाचे झाड म्हणजेच रातांबा (गार्सिनिया इंडिका) हा मूळचा पश्चिम घाटाचा रहिवासी. तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीत परसदारी आणि रानात वाढतो. फळे साधारण एप्रिल-मेमध्ये पिकतात. सालींचे आमसूल होते, रसाचे आगळ आणि सरबत होते. बी मागे उरते. मुठेल या उरलेल्या बीचे. फळाचा गडद लाल रंग आणि आंबटपणा सालीत असतो, तेलात त्यातले काहीच उतरत नाही. कच्चे मुठेल फिकट पिवळसर किंवा राखाडी असते आणि शुद्ध केल्यावर पांढरे होते. त्यामुळे कोकमाच्या सालीचे गुण सांगून मुठेल खपवणारी जाहिरात दिसली, तर ती लिहिणाऱ्याने रातांबा फोडून पाहिलेला नाही असे खुशाल समजावे.

तेल काढण्याची जुनी रीत बिनयंत्राची, पण वेळखाऊ. बिया धुऊन काही दिवस उन्हात खडखडीत वाळवतात. मग लाकडी मोगरीने टरफल फोडून आतला गर वेगळा करतात. हा गर कुटून पाण्यात उकळतात आणि ते पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवू देतात. निवताना वर तेलाचा थर धरतो, तो काढून त्याचे गोळे वळतात. दुसरी रीत ताक घुसळण्यासारखी आहे. कुटलेला गर रात्रभर पाण्यात ठेवायचा आणि सकाळी घुसळायचा, म्हणजे लोण्यासारखे तेल वर येते. बीच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा तेल मिळते. आता बहुतेक माल यंत्रघाण्यावर किंवा रासायनिक द्रावक वापरून काढतात. त्यानंतर शुद्धीकरणात रंग आणि वास दोन्ही जातात.

मुठेलाचे सगळे वेगळेपण त्याच्या घट्टपणात आहे. त्यातील मेदाम्लांपैकी (तेल-तुपाच्या मूळ घटकांपैकी) निम्म्याहून अधिक वाटा घट्ट राहणाऱ्या स्टिअरिक आम्लाचा असतो आणि उरलेल्यात मुख्यतः ओलिइक आम्ल असते. त्यामुळे ते साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या थोडे वरच. तळहातावर नुसते ठेवले तर ते ढिम्म हलत नाही. चोळले की मात्र मऊ होऊन पसरते आणि कातडीवर पातळ थर धरून बसते. खोबरेल ओघळते, कपड्यांना लागते. मुठेल भेगेत ठाण मांडते. टाचांसाठी ते पसंत पडले ते यामुळेच. अंगभर तेल जिरवण्याच्या अभ्यंगाला ते बिनकामाचे. त्यासाठी देशावर तिळाचे तेल आणि कोकणात खोबरेल.

आता कांतीविषयी. कातडीचा वरचा थर कोरडा पडला की त्याच्या कडा उचलल्या जातात, त्यावरून प्रकाश विस्कटतो आणि चेहरा राखेसारखा निस्तेज दिसतो. तेलाचा थर आतले पाणी उडून जाऊ देत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतो, म्हणून तुकतुकी येते. या तुकतुकीचा गोरेपणाशी काही संबंध नाही. वर्ण मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो आणि मुठेलच काय, कुठलेही वनस्पती तेल चोळून तो उजळत नाही. ‘वर्ण उजळवणारे’ असे बाटलीवर छापणारे विक्रेते कांती आणि वर्ण हे दोन शब्द मुद्दाम एक करतात.

वापराची घरगुती पद्धत साधी आहे. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून पुसायचे, कातडी किंचित ओलसर असतानाच कोमट केलेले मुठेल भेगांत भरायचे आणि वर मोजे घालायचे. कोरड्या कातडीवर लावले तर निम्मा उपयोग वाया जातो, कारण तेल पाणी देत नाही, असलेले फक्त राखते. तेलकट किंवा मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते थापू नये. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर गोळा बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. भाजल्यावर लगेच मुठेल लावण्याची जुनी सवयही सोडलेली बरी. ताज्या भाजल्यावर आधी नळाचे वाहते पाणी हवे. तेलाच्या थराखाली उष्णता कोंडते.

मुठेल खाद्यही आहे. कोकण-गोव्यात ते स्वयंपाकात वापरले गेले आहे, आणि तुपात भेसळीसाठीही, कारण दिसायला आणि गोठायला ते तुपाला जवळचे. मलमे आणि औषधी वर्त्या (गुदद्वारात ठेवायच्या औषधाच्या कांड्या) यांचा आधार म्हणून त्याचा उपयोग होतो. सर्वांत अनपेक्षित वाट मात्र चॉकलेटची. त्याची घडण कोकोच्या लोण्याशी मिळतीजुळती आहे आणि वितळबिंदू थोडा वरचा, म्हणून ते मिसळलेले चॉकलेट उन्हाळ्यात लवकर पाघळत नाही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमावलीत चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याखेरीज ५ टक्क्यांपर्यंत घालता येणाऱ्या सहा वनस्पती स्निग्धांची यादी आहे. त्यात आंब्याची कोय आणि साल वृक्षाच्या बी यांच्या स्निग्धांबरोबर आपले रातांब्याचेही आहे.