इमारतीच्या आत जीपीएस वाट दाखवतं का?

‘फोनमध्ये जीपीएस आहे, त्यामुळे दृष्टिहीन माणसाला इमारतीच्या आतही फोनच दारापर्यंत नेतो, काठी लागत नाही,’ असा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तसं होत नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. स्लॅब आणि भिंतींतून तो नीट पोचत नाही. मोकळ्या आकाशाखालीही फोन पाचेक मीटर चुकू शकतो. रस्त्यावर ते चालून जातं, पण दवाखान्यात पाच मीटर म्हणजे लिफ्टच्या जागी जिना.

स्वतःच बघा. मैदानात नकाशा उघडा, निळा ठिपका पाहा आणि तसंच तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरा. ठिपका भरकटतो, भोवतीचं फिकट वर्तुळ फुगत जातं, म्हणजे फोनलाच जागेची खात्री उरत नाही.

आतली वाट सांगायची तर आधी त्या इमारतीचा नकाशा तयार करावा लागतो. बऱ्याच ठिकाणी भिंतींवर छोटे ब्लूटूथ बीकन, म्हणजे फोनला आपली जागा कळावी म्हणून सिग्नल पाठवत राहणारी उपकरणं, लावतात. त्यांच्या बॅटऱ्याही वेळेवर बदलाव्या लागतात. एवढं करूनही वाटेत कुणी ठेवलेली फरशी पुसायची बादली बीकनला कळत नाही. ती काठीलाच लागते.